परमुलखाची गाडी : खानदेशातील मोटारसायकल खरेदीचा इतिहास

घरापासून दूर, दुसऱ्या राज्यात पोट भरत असताना मोटारसायकल घ्यायची आणि सणाला ती चालवत गावी आणायची, ही जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली दोन-तीन पिढ्यांची रीत आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, किंवा श्रावणातल्या कानबाईच्या दिवसांत अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, शहादा या तालुक्यांतल्या गावांत गेले, की गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या पाहाव्यात. एमएच-१९, एमएच-१८ आणि एमएच-३९ यांच्या बरोबरीने जीजे-०५ दिसते. पहिले तीन क्रमांक जळगाव, धुळे आणि नंदुरबारचे, चौथा सुरतेचा. गावात अशा गाडीला ‘गुजरात पासिंग’ म्हणतात. या दोन शब्दांत ती कुठे घेतली, घरातले कोण कुठे कामाला आहे आणि तिच्या कागदांचा प्रश्न अजून सुटलेला आहे की नाही, एवढे सगळे कळते.

खानदेशात बाहेरून वाहन आणणे मोटारीच्या आधीपासूनचे आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिथला घोडेबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. मारवाड, काठेवाड, पंजाबकडचे घोडे तिथे विकायला येतात. घोडा कुठल्या मुलखातला हे त्याच्या जातीवरून सांगत; विकत घेतल्यावर तो घेणाऱ्याच्या गावचा होई. यंत्राच्या वाहनाचे तसे नाही. त्याच्या पाठीवर एक पाटी असते आणि मालक बदलला, गाव बदलले, तरी ती पाटी आपोआप बदलत नाही.

ही पाटी १९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्यापासून सर्वत्र सुरू झाली. त्यापूर्वी १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले होते. एकाचे ठाणे जळगाव, दुसऱ्याचे धुळे. दोन्ही मुंबई इलाख्यात, आणि सुरतही त्याच इलाख्यात. म्हणजे त्या काळी सुरतेत घेतलेली फटफटी धुळ्याला आणली, तरी ती एकाच सरकारच्या दप्तरात राही. परमुलूख होता तो दुसऱ्या दिशेला. रावेरपासून जवळ असलेले बऱ्हाणपूर मध्य प्रांतात होते, तर सातपुड्यापलीकडचे सेंधवे होळकरांच्या इंदूर संस्थानात. केळी, कापूस, लग्नसंबंध आणि देवदर्शन यांच्यामुळे या दोन्ही बाजूंची ये-जा नित्याची होती, पण प्रशासन वेगळे होते. त्या काळातल्या फटफट्या बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ अशा विलायती कंपन्यांच्या असत. त्या बोटीने मुंबई बंदरात उतरत आणि तिथल्या विक्रेत्यांकडून घ्याव्या लागत. ज्याच्याकडे अशी गाडी असे तो डॉक्टर, वकील, मोठा जमीनदार किंवा सरकारी अधिकारी असे. खेड्यात तिचा आवाज आधी येई आणि माणूस मागून दिसे. ‘फटफटी’ हे नाव त्या आवाजाचेच आहे.

स्वातंत्र्यानंतर आयात आवळली गेली आणि गाड्या देशात बनू लागल्या. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरची आयडियल जावा आणि फरिदाबादच्या एस्कॉर्ट्‌सची राजदूत आली. पुण्यात बजाजने इटलीच्या पियाजिओशी करार करून व्हेस्पा बनवायला घेतली. कारखाने मोजके, उत्पादनावर परवान्याची मर्यादा आणि मागणी अफाट, यामुळे सरकारने १९६० मध्ये स्कूटरच्या वाटप आणि विक्रीवर नियंत्रण ठेवणारा आदेश काढला. नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि पाळीची वाट पाहायची. ही वाट वर्षानुवर्षांची असे. बजाजच्या स्कूटरसाठी दहा वर्षे थांबलेल्यांच्या आठवणी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आहेत. मुलगा शाळेत असताना नोंदवलेली स्कूटर त्याच्या लग्नात मिळाली, असे सांगणारे लोक अजून भेटतात.

परदेशात राहून भारतात गाडी घेण्याचा एक मार्ग याच टंचाईतून निघाला. देशाला परकीय चलनाची फार गरज होती. म्हणून परदेशातल्या नातेवाइकाने डॉलरमध्ये किंमत भरली, तर इथल्या माणसाला पाळी न पाहता स्कूटर मिळण्याची सोय ठेवलेली होती. भाऊ अमेरिकेत किंवा आखातात असेल, तर त्याच्या पैशाने इथे आईवडिलांच्या दारात गाडी उभी राही. खानदेशातल्या फार थोड्या घरांना हा लाभ झाला असणार, कारण इथून समुद्रापलीकडे गेलेले लोक मुंबई-पुण्याच्या मानाने कमी होते. खानदेशचा परदेश जवळ होता आणि तिथे रेल्वेने जाता येत होते.

राज्य सरकारनेही टंचाईवर उपाय शोधला. १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी बजाजच्या सहभागाने उभी राहिली आणि साताऱ्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होऊ लागली. पण खानदेशच्या मातीला स्कूटरची लहान चाके मानवत नसत. पावसाळ्यात काळ्या रानातून दूध, केळीचे कंद किंवा खताची गोणी न्यायची, तर मोठ्या चाकाची, मजबूत चौकटीची गाडी लागे. राजदूत १७५ त्या कामासाठी शेतकरी आणि दूधवाल्यांची आवडती झाली. रावेर, यावल, सावदा, फैजपूर या केळीच्या पट्ट्यात ज्यांना परवडे ते बुलेट घेत. केळीच्या हंगामाचा पैसा आणि बुलेट यांची तिथली जोडी आजही सुटलेली नाही. १९७२ नंतर पुण्याच्या कायनेटिकची लुना आली आणि शिक्षक, ग्रामसेवक, पोस्टमन यांनाही गाडी परवडू लागली.

या सगळ्याच्या मध्ये १ मे १९६० हा दिवस आहे. त्या दिवशी मुंबई राज्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशाचा पुढे जळगाव जिल्हा झाला, पश्चिम खानदेशाचा धुळे, आणि सुरत दुसऱ्या राज्यात गेली. सीमा किती अचानक पडली हे नवापूरला दिसते. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकाच्या मधून राज्याची सीमा जाते. गाड्यांच्या बाबतीतही असेच झाले. मुंबई राज्याने १९५८ मध्ये मोटार वाहन कराचा कायदा केला होता. विभाजनानंतर तोच कायदा दोन्ही राज्यांनी आपापला म्हणून चालू ठेवला. मूळ एक, पण वसुली वेगळी, तिजोरी वेगळी आणि हळूहळू दरही वेगळे. काल एकाच इलाख्यात फिरणारी गाडी आज दुसऱ्या राज्यात करपात्र ठरली.

सीमा पडली, पण माणसे तिच्याकडे पाठ फिरवून बसली नाहीत. सुरत आणि खानदेश यांना तापी खोऱ्याच्या रेल्वेने १९०० च्या सुमारास जोडले होते. सुरतेहून निघालेली ही वाट व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी जळगावकडे येते. उधना ते जळगाव हे अंतर सुमारे ३०७ किलोमीटर आहे. १९७२ च्या दुष्काळात शेतीचा आधार तुटला, तेव्हा हीच रेल्वे लोकांना सुरतेला घेऊन गेली. पुढे खानदेशातल्या कापड गिरण्यांची अवस्थाही खालावत गेली आणि त्याच काळात सुरतेत यंत्रमाग, कापडावरची छपाई-रंगाई आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने वाढत होते. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, गोडादरा या भागांत अहिराणी बोलणाऱ्यांच्या वस्त्या झाल्या. तिथे मराठी शाळा आहेत, कानबाईची स्थापना होते, आणि वरण-बट्टीचे जेवण घालणारी लग्नेही होतात. आज सुरतेच्या राजकारणातही जळगाव-धुळ्याकडून आलेल्या कुटुंबांचे लोक पुढे आहेत.

सुरतेतल्या या कामगाराच्या हाती गाडी आली ती १९८५ नंतर. जपानी कंपन्यांच्या भागीदारीने हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या शंभर सीसीच्या मोटारसायकली निघाल्या. हिरो होंडाची सीडी १०० त्यांत सर्वांत पुढे गेली. यामाहाची आरएक्स १००, टीव्हीएसची इंड-सुझुकी आणि बजाजची कावासाकी याच दोन-तीन वर्षांतल्या. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि कामगार वस्त्यांत तिने घर केले. पाळीची नोंदणी संपली. त्याऐवजी हप्ता आला. थोडी रोख रक्कम भरायची, बाकीचे फायनान्स कंपनीचे कर्ज आणि नोंदणी पुस्तकावर कर्जाचा बोजा. यंत्रमागावर दिवसपाळी-रातपाळी करणाऱ्याला बसची वाट पाहणे परवडत नव्हते, त्यामुळे गाडी ही चैन राहिली नाही.

आता प्रश्न पत्त्याचा. वाहनाच्या नोंदणीला पत्त्याचा पुरावा लागतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मतदार यादी, आयुर्विम्याची पॉलिसी, पासपोर्ट असे पुरावे दिलेले आहेत आणि काहीच नसेल तर प्रतिज्ञापत्राची वाट आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, मतदार यादीत गावच्याच नावाने असलेल्या कामगाराकडे सुरतेचा पुरावा नसे. त्यातून दोन पद्धती रूढ झाल्या. एक म्हणजे सुरतेत आधी स्थिरावलेल्या नातेवाइकाच्या नावावर गाडी घ्यायची. दुसरी म्हणजे आखाजीला गावी आले, की जळगावात किंवा धुळ्यात वडिलांच्या नावावर घ्यायची आणि ती चालवत किंवा रेल्वेने सुरतेला न्यायची. पहिल्या पद्धतीची गाडी गावात परकी ठरे आणि दुसरीची सुरतेत. तिसरी रीत पुढच्या वर्षांत वाढली: सुरतेत पाय रोवले, पुरावा मिळाला, की नवी गाडी तिथे स्वतःच्या नावावर घ्यायची आणि जुनी गावी भावाला किंवा वडिलांना द्यायची. गावातल्या बऱ्याच जीजे-०५ गाड्या अशा दुसऱ्या पाळीच्या आहेत.

खरेदीचा मुहूर्त बहुतेक वेळा खानदेशच्या पंचांगावरून ठरतो. आखाजी हा इथला सर्वांत मोठा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि साडेतीन मुहूर्तांतला एक असल्याने खरेदीही शुभ. दुसरा मुहूर्त दसऱ्याचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा भाऊबंदांनी एकत्र येण्याचा दंडक आहे. कानबाईच्या प्रसादाचे रोट एकाच कुळातल्यांनी खायचे असतात, म्हणून सुरतेतला मुलगा त्या दिवशी गावी असलाच पाहिजे. रेल्वेला पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा दोन भाऊ एका मोटारसायकलवर उधन्याहून पहाटे निघतात, बारडोली, सोनगड, नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारीचा घाट, साक्री या वाटेने दुपारी धुळ्याला पोहोचतात. हा जुना राष्ट्रीय महामार्ग ६. धुळ्यात तो मुंबई-आग्रा रस्त्याला छेदून पारोळा, एरंडोल, जळगावकडे जातो. नवी गाडी या वाटेने पहिल्यांदा गावी येते, तेव्हा ओवाळणी गाडीची होते आणि नारळ चाकापुढे फुटतो.

मात्र ओवाळलेली गाडी गावीच राहिली, तर कायदा सुरू होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ४७ सांगते, की एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवले, तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. अशा आशयाची तरतूद १९३९ च्या कायद्यातही होती. पण त्यासाठी कलम ४८ नुसार मूळ आरटीओची ना-हरकत लागते. लोक तिला एनओसीच म्हणतात. ती मागण्यासाठी फॉर्म २८ भरायचा, त्यावर चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा लावायचा, कर भरल्याचा आणि दंड बाकी नसल्याचा पुरावा द्यायचा. कर्ज असेल तर आधी फायनान्स कंपनीचे संमतिपत्र. गाडी चोरीची नाही याची तपासणी होते. ते कागद घेऊन जळगाव किंवा धुळ्याच्या आरटीओत फॉर्म २७, गाडीची प्रत्यक्ष तपासणी आणि महाराष्ट्राचा कर. सुरतेत भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी पुन्हा सुरतेलाच अर्ज करावा लागतो. यंत्रमागावरच्या माणसाचा प्रत्येक खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. त्यामुळे अनेक गाड्या वर्षानुवर्षे जीजे-०५ वरच राहतात आणि धुळ्याच्या नाक्यावर पोलिसांनी थांबवले, की ‘आजच आलो’ हे उत्तर तयार असते.

करांतल्या फरकाने ही गुंतागुंत वाढवली. गुजरातेत दुचाकीवर किमतीच्या ६ टक्के कर आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून इंजिनाच्या आकारानुसार तो १० ते १२ टक्के झाला. साहजिकच, ज्याला सुरतेचा पत्ता दाखवता येतो त्याला तिथली गाडी स्वस्त पडते. ही पळवाट महाराष्ट्राच्या ध्यानात फार पूर्वी आली होती. १९८७ मध्ये राज्याने बाहेरून येणाऱ्या मोटार वाहनांवर प्रवेशकर बसवणारा वेगळा कायदा केला. ज्या वाहनाची दुसऱ्या राज्यातली नोंदणी पंधरा महिन्यांहून जुनी असेल त्याला त्यातून सूट होती. यामागचे गणित स्पष्ट आहे: केवळ कर वाचवण्यासाठी बाहेर घेतलेली गाडी लगेच घरी येते, आणि खरोखर तिथे राहणाऱ्याची उशिरा. व्यापाऱ्यांच्या बाबतीत हे गणित बरोबर होते. सणाला गाडी आणून ती वडिलांसाठी ठेवून जाणाऱ्या मजुराचे त्यात कुठेच स्थान नव्हते. २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा हा प्रवेशकर संपला. वाहनकर मात्र राज्यांकडेच राहिला.

जुनी गाडी विकताना नुकसान सर्वांत जास्त होते. परराज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्याने पंचेचाळीस दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने नाव बदलून घ्यायचे असते. फॉर्म २९ आणि ३० यासाठीच आहेत. प्रत्यक्षात कितीतरी गाड्या शंभर रुपयांच्या मुद्रांकावरच्या लिहून दिलेल्या कागदावर हात बदलतात. अशा कागदाने मालकी नोंदली जात नाही. अपघात झाला तर भरपाईचा दावा नोंदणीतल्या मालकाच्या दारात जातो, जो सुरतेतली खोली कधीच सोडून गेलेला असू शकतो. नोंदणीची पंधरा वर्षे संपली, की हा गुंता पूर्ण अडतो. नूतनीकरणाला मूळ मालक सापडावा लागतो आणि कागद सुरतेचे असतात. मग चांगली चालणारी गाडीही भंगाराच्या भावात जाते. गरिबाची ठेव अशी वाया जाते ही या विषयातली सर्वांत दुःखाची बाजू आहे.

सातपुड्याच्या बाजूला चित्र थोडे निराळे आहे. रावेर-मुक्ताईनगरकडचे लोक बऱ्हाणपूरला आणि शिरपूरकडचे पळासनेरच्या नाक्यापलीकडे सेंधव्याला रोज जातात. तिकडे स्थलांतर कमी आणि नातीगोती जास्त, त्यामुळे बऱ्हाणपूरची एमपी-६८ आणि सेंधव्याच्या बडवानी जिल्ह्याची एमपी-४६ या पाट्यांच्या गाड्या पाहुण्यांच्या म्हणूनच ओळखल्या जातात.

भुसावळची गोष्ट उलटी आहे. तिथे परमुलखातून माणसे येतात. रेल्वेचा विभाग, भुसावळ आणि वरणगावचे आयुध निर्माणी कारखाने यांमुळे बिहार, उत्तर प्रदेश, तमिळनाडू, बंगाल अशा सर्व भागांतले कर्मचारी बदलीने येतात आणि जातात. त्यांच्या मोटारसायकली पार्सलने येतात. टाकीतले पेट्रोल पूर्ण काढायचे, आरसे आणि दिवा गवत व गोणपाटात गुंडाळायचे, पाटीवर नाव-गाव लिहायचे आणि पार्सल ऑफिसात वजन करायचे. भुसावळच्या फलाटावर अशी गोणपाटात शिवलेली गाडी ओळखीची आहे. दर बदलीला पुन्हा क्रमांक, पुन्हा कर, हा त्रास या कर्मचाऱ्यांनी अनेक वर्षे सोसला.

अखेर त्यांच्यासाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘बीएच’ मालिका काढली. ती १५ सप्टेंबरपासून लागू झाली. या पाटीवर राज्याचे अक्षर नाही. राज्य बदलले तरी क्रमांक तोच राहतो आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. त्याआधी २०१९ च्या दुरुस्तीने राज्यातल्या कुठल्याही आरटीओत नोंदणीची मुभा दिली होती, म्हणजे पुण्यात नोकरी करणाऱ्या जळगावकराची अडचण मिटली. पण ‘बीएच’साठी माणूस सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातला हवा, संरक्षण दलातला हवा, किंवा चार अथवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपनीत कामाला हवा. लिंबायतच्या यंत्रमागावर किंवा पांडेसऱ्याच्या छपाई कारखान्यात काम करणारा अमळनेरचा माणूस यांपैकी कशातच बसत नाही. त्याच्या मालकाचे कार्यालय एकाच गल्लीत असते.

२०२० च्या टाळेबंदीत रेल्वे थांबली, तेव्हा दुचाकी असलेल्यांनी हाच नवापूरचा रस्ता धरला. १९९४ च्या प्लेगच्या वेळी सुरत सोडणाऱ्यांना रेल्वेच्या डब्यांत लोंबकळत यावे लागले होते. या वेळी काही कुटुंबांपाशी निदान स्वतःची गाडी होती. उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण त्याआधीच पुरे झाले होते, १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यात त्याचे लोकार्पण झाले. रेल्वेगाड्या वाढल्या, प्रवास सोपा झाला, आणि तरीही आखाजीच्या आदल्या दिवशी कोंडाईबारीच्या घाटात जीजे-०५ च्या रांगा लागतात. परतीच्या वाटेवर त्या सीमा ओलांडून टाकी भरतात, कारण अनेक वर्षे गुजरातच्या बाजूला पेट्रोल स्वस्त मिळत आले आहे.